एक जुलैच्या आत

बंगळूरमध्ये बर्फ म्हटला की माणसाला उसाच्या रसातला आठवतो. सुप्रीता मात्र वयाच्या सातव्या वर्षापासून बर्फावर उभी होती. तो बर्फही एका मॉलच्या तळमजल्यावरच्या स्केटिंग रिंकमधला, लग्नाच्या हॉलएवढा. पुरा वेग घेऊन उडी मारली तर उतरायला जागा उरत नसे. म्हणून ती सगळ्या उड्या अर्ध्या वेगात शिकली आणि खऱ्या वेगात त्या कशा लागतात हे वर्षातून दोनदा बाहेरगावी, मोठ्या बर्फावर जाऊन बघून यायची. मॉल उघडायच्या आत सराव आटपावा लागे. बसवनगुडीच्या घरून पहाटे निघायचं, सोबतीला अक्का. ही अक्का म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण अंबूबाई. लग्न केलं नाही, जन्मभर शाळेत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर भाचीच्या मागे लागून या थंडगार जागेत शाल पांघरून बसायला लागली. पोरगी पडली की अक्का डोळे मिटायची आणि उठली की उघडायची. खेळातलं तिला तेवढंच कळत असे.

सुप्रीताला जायचं होतं ते फिगर स्केटिंगच्या जागतिक ज्युनिअर स्पर्धेला. तिथं नुसतं देशानं नाव पाठवून भागत नाही. आधी कुठल्यातरी मान्यता असलेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत किमान गुण मिळवून दाखवावे लागतात, आणि तेही एकूण गुण नव्हेत. नाच देखणा झाला, संगीताशी जुळला, याचे गुण वेगळे. ते इथं कोणी विचारत नाही. उड्या, गिरक्या, पावलं यांचे तांत्रिक गुण तेवढे धरतात, छोट्या कार्यक्रमात वेगळे आणि लांब कार्यक्रमात वेगळे. दोन्हीकडे रेघ ओलांडायची, ती चालू मोसमात किंवा आदल्या मोसमात. छोट्या कार्यक्रमाची रेघ तिनं लवकर ओलांडली. लांब कार्यक्रमाची मात्र हुकत राहिली. एकदा तर एका गिरकीत पाय जरा वर राहिला असता तरी भागलं असतं. शेवटी मोसमाच्या अगदी शेपटाला, परदेशातल्या एका लहानशा गावात, ती रेघ ओलांडली गेली. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा तोवर होऊन गेली होती. पण गुण पुढच्या मोसमाला चालणार होते, आणि देशातल्या दुसऱ्या कुठल्याही ज्युनिअर मुलीकडे ते नव्हते. पुढच्या मार्चमधली जागा तिचीच होती.

तिला शिकवणाऱ्या दयानंद सरांनी वयाचा हिशेब तिथंच, त्या गावच्या बाकड्यावर बसून केला. सर मूळचे बेळगावचे. चाकांच्या स्केट्सवर वाढलेले आणि बंगळूरला येऊन, हाडं शेकून घेत बर्फावर शिकलेले. ज्युनिअर गटाचा नियम असा की मोसम सुरू होताना, एक जुलैच्या आत, एकोणीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत. सुप्रीताचा वाढदिवस नऊ जुलै. दरवर्षी त्या दिवशी अक्का पायसाचा डबा घेऊन रिंकवर येई आणि सर दोन वाट्या खात.

"आठ दिवसांनी वाचलीस बघ," सर म्हणाले. "हे वर्ष शेवटचं. पुढं सीनिअर."

सीनिअरची रेघ कुठं होती ते दोघांनाही ठाऊक होतं. तिच्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या दिवसापेक्षाही खूप वर. तिथं पोचायला तिला मोठा बर्फ रोज मिळायला हवा होता, आणि तो इथं मिळणार नव्हता. म्हणजे जायचं तर यंदाच. नाहीतर कधीच नाही.

ऑक्टोबरात स्केटिंग संघटनेच्या सचिवांचा, मंजुनाथांचा, सरांना फोन आला. सरांनी सराव अर्ध्यात थांबवून सुप्रीताला काठावर बोलावलं.

"सुप्री, तुझ्या पासपोर्टावर जन्मतारीख काय आहे गं?"

"तीस मे," ती म्हणाली. "दोन हजार सहा."

बोलून झाल्यावर तिनं ते ऐकलं. तीस मे धरला तर एक जुलैच्या महिनाभर आधीच तिची एकोणीस पूर्ण होत होती.

आपल्याकडे माणसाला दोन जन्मतारखा असतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. एक खरी, पत्रिकेतली, पायस करायची. दुसरी कागदावरची, सरकारला सांगायची. शाळेच्या दाखल्यापासून पासपोर्टापर्यंत सुप्रीतानं शेकडो वेळा तीस मे लिहिलं होतं आणि दर नऊ जुलैला ओवाळून घेतलं होतं. एकीचा विचार करताना दुसरी डोक्यात येतच नसे. नियम तिनं वाचला होता, सरांनी वाचला होता, अक्कानं तर चष्मा लावून मोठ्यानं वाचला होता. तिघांनीही हिशेब केला तो पायसाच्या तारखेवरून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

तारीख बदलली होती अक्कानं. ही घरात कधी लपवलेली गोष्ट नव्हती. उलट कौतुकानं सांगायची होती. पहिलं बाळंतपण म्हणून सुप्रीताची आई विमला माहेरी, अथणीजवळच्या खेड्यात गेली होती. दवाखान्यात न्यायला सवड मिळाली नाही आणि सुप्रीता घरातच जन्मली. नोंदणी तशीच राहिली. पुढं विमलाचा भाऊ गुंडो ती करायला निघाला तेव्हा बंगळूरहून अक्काचा फोन गेला: तारीख मे महिन्यातली घाला. एक जूनला वय भरलं नाही तर शाळा दारात उभी करत नाही, पोरीचं वर्ष फुकट जातं. अक्का शिक्षिका होती. अशी वर्षं वाया गेलेली मुलं तिनं पाहिली होती आणि स्वतःच्या भाचीचं वर्ष वाया जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिच्या मनात होतं. गुंडोमामानं तीस मे घातलं. वर्ष वाचलं.

त्या संध्याकाळी घरात कोणी दिवा लावायला उठलं नाही. अण्णा, म्हणजे सुप्रीताचे वडील त्रिविक्रम, पासपोर्ट हातात घेऊन बसले होते, जणू बघत राहिलं तर तारीख बदलेल. विमला स्वयंपाकघरात गेली आणि तिथंच राहिली. दोष कुणाला द्यायचा? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

सुप्रीताला अक्काचा राग आला. इतका की तिच्या तोंडाकडे बघवेना. थंडीत बारा वर्षं शाल पांघरून बसलेल्या या बाईचा आपल्याला राग येतो आहे याची तिला लाज वाटली, पण राग काही त्यामुळे कमी झाला नाही.

"मी सांगते त्यांना," अक्का म्हणाली. "मी केलं, मी सांगते. त्यात काय."

मंजुनाथ एचएसआर लेआउटला राहत. माणूस सभ्य होता. त्यांनी कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं आणि मग कन्नडमध्ये, आवाज जराही न चढवता बोलले.

"अक्का, दरवर्षी माझ्याकडे आईबाप येतात. सगळे एकच सांगतात. आमची मुलगी कागदावर मोठी दिसते, खरी लहान आहे. कागदावर लहान आहे पण खरी मोठी आहे, असं सांगायला आजवर कुणी आलं नाही."

"मी खरं सांगतेय," अक्का म्हणाली.

"सांगत असाल. पण खरं बोलणारे आणि खोटं बोलणारे, दोघंही याच खुर्चीत बसतात. मी कसं ओळखू?"

चाळीस वर्षं वर्गात खरं-खोटं ओळखण्यात अक्काचा हातखंडा होता; आपणच कधी बाकावर उभं राहू असं तिला वाटलं नव्हतं.

निघताना मंजुनाथ जरा मऊ झाले. जागा रिकामी आहे, म्हणाले, आणि रिकामी जावी असं मलाही वाटत नाही. कोर्टाचा हुकूम आणि दुरुस्त केलेला पासपोर्ट नाव पाठवायच्या मुदतीत आणा. पासपोर्ट बोलला की मी बोलीन.

वकिलांनी कागद पाहून मान डोलावली. बाळंतपण केलेली नर्स अजून हयात होती, गुंडोमामा साक्ष द्यायला तयार होता, गावच्या जोशांनी मांडलेली पत्रिका होती. अडचण एकच. अक्कानं शपथेवर सांगायला हवं होतं की खोटी माहिती आपण द्यायला लावली. शिक्षिका असताना दिली म्हटल्यावर उद्या कुणी पेन्शनीपर्यंत प्रकरण नेलं तर? अण्णांनी ते विचारलं तेव्हा अक्का हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

"नेऊ दे की रे. मला एकटीला किती लागतं?"

तेव्हा कुठं सुप्रीतानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि राग उतरला. रात्री ती अक्काच्याच अंथरुणात शिरून झोपली, लहानपणी झोपायची तशी. पुढच्या आठवड्यात अक्का आणि अण्णा अथणीला जाणार असं ठरलं. सरावाला पुन्हा जोर आला. लांब कार्यक्रमातली शेवटची उडी, जी कायम अर्धवट फिरायची, ती दोनदा पूर्ण फिरली. सर म्हणाले, "सरी, ठीक जमली. आता या उडीला मार्चपर्यंत सांभाळ."

त्याच रिंकवर रम्या लहान मुलांना शिकवायची. पंचवीस वर्षांची, कमी बोलणारी मुलगी. एके काळी शहरातली सगळ्यात चांगली स्केटर ती होती. सुप्रीता आणि ती एकमेकींना ओळखत, कन्नडमध्ये दोन शब्द बोलत, यापलीकडे मैत्री नव्हती. आणि ती का नव्हती याचा सुप्रीतानं कधी विचार केला नव्हता.

एके दिवशी सुप्रीता काठावर बुटांच्या नाड्या आवळत बसली होती. एका चिमुरडीची आई रम्याला विचारत होती, की आमच्या मुलीला ज्युनिअरमध्ये कधी उतरवता येईल?

"एक जुलैच्या आत तेरा पूर्ण हवीत," रम्या म्हणाली. "एका दिवसानं जरी कमी पडली तरी ते वर्ष नाही."

सुप्रीताच्या हातातली नाडी तशीच राहिली. नियमाला दुसरंही टोक आहे हे तिला माहीत होतं, सगळ्यांनाच असतं. पण पुढच्या दाराची चिंता लागलेल्या माणसाला मागचं दार कुठलं आठवायला? आता आठवलं. ती ज्युनिअरमध्ये पहिल्यांदा उतरली ते दोन हजार एकोणीस साली. कागदावर तीस मेला तेरा पूर्ण झाली होती. खरी तेरा पूर्ण झाली नऊ जुलैला. आठ दिवस उशिरा.

आणि त्या वर्षी ती राष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धेत पहिली आली होती. परदेशातल्या स्पर्धेला एकच मुलगी जायची होती, ती गेली होती. दुसरी आली होती रम्या. रम्याचं ते ज्युनिअरमधलं शेवटचं वर्ष होतं. त्यानंतर कोरोना आला, रिंक बंद पडले, आणि ते उघडेपर्यंत रम्याचं खेळणंच सुटलं होतं.

सुप्रीता त्या दिवशी बर्फावर उतरली नाही. सराव संपल्यावर तिनं सरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. सर बराच वेळ हातमोजे काढत राहिले.

"तेव्हा तू माझ्याकडे नवीन होतीस, अर्ज अक्कांनी भरला होता," ते म्हणाले. "तुझा वाढदिवस जुलैत असतो हे मला पुढं कळलं. आईशपथ."

"मला माहीत आहे, सर."

"मग स्वल्प थांब. हे कुणाजवळ बोलू नको. जुनं कोण उकरतं? कोर्टाला तुझी तारीख हवी आहे, तुझी पदकं नकोत."

"पण नऊ जुलै खरी ठरली तर ते वर्ष माझं नव्हतंच."

"तू बर्फावर जिंकलीस, सुप्री. कागदावर नाही."

सरांचं खोटं नव्हतं. तिनं ते घरी नेऊन दोन दिवस मनाशी घोळवलं, उलटंपालटं करून पाहिलं. जिंकले तर होतेच. पण मग आताही गुण बर्फावरच मिळाले होते, आणि मंजुनाथ कागद मागत होते. कागद चुकला म्हणून मार्च जातो हा अन्याय असेल, तर कागद चुकला म्हणून मिळालेलं वर्ष काय होतं? तिला मार्च हवा होता. मनापासून हवा होता, भूक लागावी तसा. म्हणूनच तिला स्वतःची भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी ती रम्याकडे गेली. मुलं निघून गेली होती आणि रम्या भाड्याच्या स्केट्सची पाती एकेक करून पुसत होती. ओली राहिली की गंजतात. सुप्रीतानं दुसरा कपडा घेतला, शेजारी बसली आणि पुसता पुसता सांगून टाकलं. शाळा, तीस मे, नऊ जुलै, दोन हजार एकोणीस.

रम्याचा हात थांबला नाही.

"म्हणजे तू बारा वर्षांची होतीस."

"हो."

"मी त्या दिवशी घरी जाऊन सांगितलं होतं, की तेरा वर्षांच्या मुलीनं मला हरवलं. बाबा म्हणाले, मग आता पुरे." रम्यानं पातं उजेडाला धरून पाहिलं. "मलाही पटलं ते."

"आम्ही आता तारीख दुरुस्त करतोय."

"कर ना. खरी तर तीच आहे."

"ती दुरुस्त झाली की ते वर्ष तुझं होतं असं ठरतं."

"ठरून मी काय करू?" रम्या म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर सुप्रीताला बरं वाटलं असतं. "माझी तर तारीख पहिल्यापासून बरोबरच होती. माझं काय दुरुस्त करशील?"

मग तिनं सुप्रीताच्या हातातला ओला कपडा घेतला आणि कोरडा दिला. राहिलेली पाती दोघींनी मिळून पुसली.

घरी आली तेव्हा अक्काची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. अक्का पत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळत होती. सुप्रीता तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"अक्का, अथणीला जायचं नाही. मी मंजुनाथ सरांना फोन केला. यंदा माझं नाव नाही म्हणून सांगितलं."

अक्काला आधी ते कळलंच नाही. मग सुप्रीतानं रम्याची गोष्ट सांगितली. अक्का शिक्षिका होती, बेरीज-वजाबाकी तिला दुसऱ्यांदा सांगावी लागली नाही. तिचा चेहरा उतरत गेला.

"पाप माझं आहे," ती म्हणाली. "तू का भरतेस? आपण तेही सांगू कोर्टात. पदक परत देऊ."

"पदक देता येईल गं. तिचं वर्ष कुठून देणार?"

"पण ती तारीख खोटी आहे, सुप्री. मी घातलेली आहे. तुझी नव्हेच ती."

"उपयोगाची होती तेव्हा माझी होती ना?" सुप्रीता म्हणाली. रडायचं नाही असं ठरवून आली होती, तरी आवाज फाटला. "शाळेला माझी, रम्याला हरवायला माझी, आणि आता नको झाली म्हणून खोटी? एक वर्ष त्या तारखेनं घेतलं. दुसरं या तारखेनं घेऊ? मला नाही जमत, अक्का. जायचं खूप आहे, पण नाही जमत."

आतून विमला दारापर्यंत आली आणि तिथंच उभी राहिली. अण्णांनी गाडीची तिकिटं टेबलावर पालथी ठेवली. अक्का हात मांडीवर टाकून बसली होती. मार्चमध्ये मुली एकामागून एक बर्फावर येतील, त्यांच्या देशांची नावं पुकारतील आणि आपल्या देशाचं नाव पुकारलं जाणार नाही, हे त्या घरातल्या चौघांनाही दिसत होतं.

अक्कानं विचारलं, अगदी हळू, जणू एखाद्या नव्या मुलीचं नाव दाखल करून घेत होती.

"मग आता तुझं वय काय धरायचं?"

"एकोणीस," सुप्रीता म्हणाली. "तीस मेला पूर्ण झाली."

ही तारीख अक्कानं शाळेत, कचेरीत, परदेशच्या अर्जांवर, सगळीकडे बेधडक सांगितली होती. आज तिला ती ऐकवेना.